एकाच ॲपसाठी तीन कोटेशन: ३ महिने, ५ महिने, ९ महिने. धरायचं कोणतं?

घाऊकमाल

नमस्कार मंडळी. घाऊक वितरणाचा व्यवसाय आहे. २ गोदामं, ४० विक्री प्रतिनिधी, साधारण १८०० दुकानं. प्रतिनिधी दुकानात जाऊन ऑर्डर वहीत उतरवून घेतो, संध्याकाळी फोनवर वाचून दाखवतो आणि कारकून ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. त्यात चुका होतात, माल शिल्लक आहे की नाही हे प्रतिनिधीला कळत नाही आणि उधारीची मर्यादा संपलेल्या दुकानाचीही ऑर्डर येऊन पडते.

म्हणून प्रतिनिधींसाठी मोबाईल ॲप आणि ऑफिससाठी वेब पॅनेल करून घ्यायचं ठरलं आहे. दोन पानांचं टिपण तीन कंपन्यांना दिलं. एकीने ३ महिने सांगितले, दुसरीने ५, तिसरीने ९. रकमाही साधारण त्याच प्रमाणात. टिपण एकच असताना एवढी तफावत का?

शिवाय: ठरलेल्या एकरकमी किमतीत काम द्यावं की महिन्याच्या हिशेबाने? ऑफिसात प्रोग्रॅमिंग कळणारं कोणी नाही, मग काम खरंच पुढे सरकतंय हे दर आठवड्याला कसं ओळखायचं? आणि करारात काय असल्याशिवाय सही करू नये?

स्कोपवही

तिन्ही कंपन्यांनी तीन वेगवेगळ्या ॲप्सचे अंदाज दिले आहेत. टिपणात जे नाही ते प्रत्येकीने स्वतःच्या मनाने भरून घेतलं. ३ महिनेवालीने बहुधा स्क्रीन मोजल्या, ९ महिनेवालीने अपवाद मोजले. यापैकी कोणी फसवतंय असं लगेच धरू नका.

तुमच्या टिपणात "ऑर्डर रद्द करता यावी" अशी एखादी ओळ नक्की असेल. ती एक ओळ उलगडून बघा. रद्द कोण करणार, प्रतिनिधी की ऑफिस? कुठपर्यंत? गोदामात माल काढायला घेतल्यावर चालेल? गाडीत चढवल्यावर? बिल निघाल्यावर ते रद्द करणं राहतच नाही, तो माल परतावा होतो आणि हिशेबात उलटी नोंद लागते. दहापैकी तीनच वस्तू रद्द करायच्या असतील तर? राखून ठेवलेला माल कधी मोकळा होणार? दुकानाची अडकलेली उधारी मर्यादा पुन्हा खुली होणार का? एका बटणाचं हे काम एका दिवसात होऊ शकतं आणि दोन आठवडेही खाऊ शकतं. कोणती उत्तरं गृहीत धरली यावर सगळं आहे.

म्हणून प्रत्येक कामाखाली ते "पूर्ण झालं" कधी म्हणायचं, हे लिहा. वरच्या ओळीसाठी ते असं दिसेल:

"गोदामाने माल काढायला घेईपर्यंत प्रतिनिधी स्वतःची ऑर्डर रद्द करू शकतो. त्यानंतर हा अधिकार फक्त गोदामप्रमुखाला. बिल झालेली ऑर्डर रद्द होत नाही, तिच्यासाठी माल परताव्याची नोंद करावी लागते. कारण निवडल्याशिवाय रद्द करता येत नाही. रद्द केल्यापासून एका मिनिटात राखीव माल उपलब्ध साठ्यात दिसतो आणि दुकानाची मर्यादा तेवढ्या रकमेने वाढते."

पाच वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्य हो किंवा नाही असं तपासता येतं. "वापरायला सोपं असावं", "वेगवान असावं" असली वाक्यं तपासता येत नाहीत. ती काढून टाका किंवा आकड्यात आणा: "१८०० दुकानांच्या यादीत नावाची पहिली तीन अक्षरं टाकल्यावर एका सेकंदाच्या आत निकाल दिसतो."

सगळं एवढ्या बारकाईने लिहायची गरज नाही. लॉगिन, पासवर्ड बदलणं, प्रोफाइल ही कामं सगळीकडे सारखीच असतात, एकेक ओळ पुरते. वेळ घालवा तो ऑर्डरच्या प्रवासावर. एका कागदावर ऑर्डरच्या सगळ्या अवस्था लिहा: कच्ची, पाठवलेली, मंजूर, माल काढायला घेतलेली, रवाना, पोचली, रद्द. मग प्रत्येक बाणावर लिहा की इथून तिथे कोण नेऊ शकतं आणि नेल्यावर साठा, उधारी आणि हिशेब या तिन्हींचं काय होतं. कोडिंग न येणाऱ्या माणसाने बनवलेला हा एक कागद कोणत्याही कंपनीच्या चाळीस पानी प्रस्तावापेक्षा जास्त कामाचा ठरतो, कारण धंद्याचे नियम त्यांना माहीत नसतात, तुम्हाला असतात.

आता तिन्ही कंपन्यांना हेच प्रश्न पाठवा आणि उत्तरं लेखी मागवा: अंदाजात कायकाय धरलेलं नाही? हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी एका बाजूने की दोन्ही बाजूंनी? जुना डेटा कोण साफ करणार? अँड्रॉइड आणि आयओएस दोन्ही की एकच? नेटवर्क नसताना ॲप काय करणार? टेस्टिंगला वेगळा माणूस आहे की प्रोग्रॅमरच तपासणार? उत्तरं आल्यावर ३ आणि ९ महिन्यांतलं बरंचसं अंतर तिथेच भरून निघतं.

प्रत्येक मोठ्या तुकड्यासाठी एक आकडा घेऊ नका, तीन घ्या: सगळं सुरळीत झालं तर, सहसा लागतात तेवढे आणि सगळं बिघडलं तर. अंदाज बांधायच्या पर्ट नावाच्या पद्धतीत पहिला अधिक चौपट दुसरा अधिक तिसरा, भागिले सहा असं करतात. समजा हिशेबाच्या जोडणीला ५, १० आणि ४० दिवस सांगितले. ५ अधिक ४० अधिक ४० म्हणजे ८५, भागिले ६, साधारण १४ दिवस. "सहसा १०" ऐकून १० धरले असते तर सुरुवातीपासूनच चार दिवस मागे पडला असतात. आणि ५ ते ४० एवढं लांब अंतर दिसलं की समजा, त्या तुकड्याबद्दल कोणालाच पुरतं ठाऊक नाही. तोच आधी हातात घ्यायचा.

टप्पेवार

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी पैशाच्या प्रश्नाकडे येतो.

दोन पानी टिपणावर एकरकमी किंमत घेऊ नका. अनिश्चितता किमतीत घातली असेल तर तुम्ही जास्त देता. घातली नसेल तर पुढे प्रत्येक गोष्टीवर "हे स्कोपमध्ये (म्हणजे ठरलेल्या कामात) नव्हतं" हे ऐकावं लागतं. काम दोन करारांत तोडा.

पहिला करार फक्त अभ्यासाचा, दोन ते चार आठवडे, ठरलेली लहान रक्कम. त्यातून हातात काय पडलं पाहिजे ते लिहून घ्या: कामांची यादी पूर्णतेच्या अटींसह, अवस्थांचा तक्ता, मुख्य स्क्रीनचे क्लिक करता येणारे नमुने, हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी एक खरी नोंद देऊन-घेऊन केलेला प्रयोग आणि तुकड्यांनुसार अंदाज. हे सगळं तुमच्या मालकीचं. ते घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जायची मोकळीक असली पाहिजे, नाहीतर पहिल्या कराराचा उपयोगच नाही.

जोडणीच्या प्रयोगावर अडून राहा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बाहेरून नोंदी घेण्याची सोय आहे का, तुमच्याकडच्या आवृत्तीत आहे का, एकाच वेळी दोघांनी लिहिलं तर काय होतं, हे कागदावर कळत नाही. शेवटच्या महिन्यात इथेच गाडी रुतते.

दुसरा करार बांधणीचा, टप्प्याटप्प्याने. टप्पे कसे पाडले आहेत ते बघा. "डिझाइन, बॅकएंड, मोबाईल ॲप, जोडणी, टेस्टिंग" असे टप्पे असतील तर सही करू नका (बॅकएंड म्हणजे सर्व्हरवरचा, न दिसणारा भाग). त्या पद्धतीत पहिले तीन टप्पे होईपर्यंत, म्हणजे बरेच पैसे देऊन झाल्यावरही, तुमच्या हातात चालतं असं काहीच नसतं. टप्पा उभा कापलेला हवा. पहिला टप्पा असा: एक गोदाम, एक प्रतिनिधी, २० वस्तू, ५ दुकानं. प्रतिनिधीने फोनवर ऑर्डर टाकली, गोदामाला दिसली, मंजूर झाली, हिशेबात उतरली. सवलती नाहीत, परतावा नाही, अहवाल नाहीत, दिसायलाही ओबडधोबड. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतं. पुढचा प्रत्येक टप्पा याच्यावर थर चढवतो: उधारीची मर्यादा, मग किमतीचे स्तर, मग परतावा.

पैसे कामाच्या टक्केवारीवर देऊ नका, तुमच्याकडे तपासून पास झालेल्या टप्प्यावर द्या. सुरुवातीची रक्कम लहान ठेवा. शेवटचा एक हप्ता, साधारण १० ते १५ टक्के, सगळे ४० प्रतिनिधी महिनाभर वापरू लागल्यावर द्यायचा म्हणून राखून ठेवा. पण कंपनीच्या बाजूनेही विचार करा. टप्पा दिल्यावर तो तपासायला तुम्ही पाच आठवडे लावले तर त्यांच्या माणसांचे पगार थांबत नाहीत. "टप्पा मिळाल्यापासून ७ कामकाजी दिवसांत तपासून लेखी कळवू, न कळवल्यास मंजूर समजावा" ही अट न्याय्य आहे, मान्य करा.

बदल तर होणारच. त्यासाठी नोंदवही ठेवा: बदल काय, कोणी मागितला, किती दिवस वाढतील, किती रक्कम, त्याच्या बदल्यात काय मागे ढकलायचं, मंजुरी कोणाची. वही दोघांनाही दिसली पाहिजे. फोनवर सांगितलेला बदल वहीत चढेपर्यंत मागितलेलाच नाही असं दोघांनी धरायचं. यात "त्याच्या बदल्यात काय मागे" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो नसला की यादी फुगत जाते आणि तारीख तीच राहते.

आणि उशीर होतोय म्हणून मध्येच माणसं वाढवायची मागणी करू नका. ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, ८ जणांत २८. नव्याला शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलं आहे की उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी उशिरा होतो. उशीर दिसला की यादी कमी करा.

घाऊकमाल

खूप उपयोगी. एक राहिलं होतं. आमच्या काही भागांत दुकानात नेटवर्क मिळत नाही. ३ महिनेवाली कंपनी म्हणते, ऑफलाइनची सोय दुसऱ्या आवृत्तीत टाकू. चालेल का?

सिंकसांधा

नाही चालणार. ऑफलाइन नंतर चिकटवता येत नाही, डेटा कुठे राहतो याची सगळी मांडणीच बदलते. ऑनलाइन ॲप सर्व्हरला विचारतं आणि दाखवतं. ऑफलाइन ॲप फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहितं आणि सवड मिळेल तेव्हा सर्व्हरशी जुळवून घेतं. नंतर करायचं म्हणजे मोबाईलचा बराचसा भाग पुन्हा लिहायचा.

नेमकं काय बिघडतं ते बघा. प्रतिनिधीने ऑर्डर पाठवली. सर्व्हरने ती जतन केली, पण "मिळाली" हा निरोप परत येताना नेटवर्क गेलं. फोनच्या दृष्टीने ऑर्डर गेलीच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. आता सर्व्हरवर दोन ऑर्डर्स, दुकानात दुप्पट माल. उपाय जुना आणि साधा: ऑर्डरचा एकमेव क्रमांक फोननेच, ऑर्डर तयार होतानाच द्यायचा. सर्व्हरला तोच क्रमांक पुन्हा दिसला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यायचं. कंपनीला विचारा, "एकच ऑर्डर दोनदा पोचली तर काय होतं?" उत्तर तात्काळ आलं नाही तर त्यांनी याचा विचार केलेला नाही.

साठा: फोनवर दिसणारा साठा शेवटच्या जोडणीच्या वेळचा असतो. दोन प्रतिनिधी ऑफलाइन राहून शेवटच्या दहा पेट्या विकू शकतात. हे पूर्ण टाळता येत नाही. म्हणून धंद्याचा नियम ठरवा: ऑफलाइन ऑर्डर म्हणजे मागणी, माल राखून ठेवला असं नाही. राखीव होतो तो मंजुरीच्या वेळी. स्क्रीनवर साठ्याशेजारी "सकाळी ९.४० ची स्थिती" असं दिसू द्या, म्हणजे प्रतिनिधी दुकानदाराला नको तो शब्द देणार नाही.

किंमत: सकाळी दर बदलला, प्रतिनिधीच्या फोनवर कालचा दर आहे आणि त्याने त्या दराने ऑर्डर घेतली. कोणता दर लागू? हा निर्णय प्रोग्रॅमरचा नाही, तुमचा आहे. ऑर्डरसोबत दरपत्रकाचा क्रमांक साठवला तर निदान वाद सोडवता येतो. वेळेचंही तसंच. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून ऑर्डर घेतल्याची फोनची वेळ आणि पोचल्याची सर्व्हरची वेळ, दोन्ही जपा.

आणखी एक जागा जी हमखास विसरली जाते: फोनवर न पाठवलेल्या ऑर्डर्स पडून आहेत आणि तेवढ्यात ॲपची नवी आवृत्ती आली. फोनमधल्या डेटाबेसची रचना बदलली असेल तर त्या ऑर्डर्स नव्या रचनेत सुखरूप उतरल्या पाहिजेत. ॲप काढून पुन्हा टाकलं तर त्या जाऊ शकतात, म्हणून "५ ऑर्डर्स पाठवायच्या बाकी" अशी पट्टी कायम दिसती ठेवा.

हे तपासायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. फोन विमान मोडवर टाका. तीन ऑर्डर्स घ्या, एक बदला, एक रद्द करा. ॲप सक्तीने बंद करा, फोन रीस्टार्ट करा, ॲप उघडा. सगळं तसंच आहे का? मग नेटवर्क चालू करा आणि पाठवणं चालू असतानाच पुन्हा बंद करा. असं पाचदा करा. शेवटी ऑफिसच्या पॅनेलवर मोजा: राहिलेल्या ऑर्डर्स बरोबर दोन, एकही दुबार नाही.

चाचणीघर

आठवड्याच्या पाहणीबद्दल लिहितो.

"९० टक्के झालं" हे वाक्य स्वीकारू नका. प्रत्येक कामाची स्थिती दोनच: झालं किंवा झालं नाही. आणि झालं म्हणजे वर स्कोपवही यांनी लिहिलेल्या अटी तुमच्या हातात पास झाल्या. दर आठवड्याला एकच दिवस, एकच वेळ, पाऊण तास. ॲप तुमच्या फोनवर, तुमच्या माणसाच्या हातात. प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवरचा डेमो बघून निर्णय घेऊ नका. तिथे डेटा नेटका असतो, नेटवर्क जलद असतं आणि दाखवणाऱ्याला कुठे बोट लावायचं नाही ते माहीत असतं.

बैठकीत चार आकडे मागा: एकूण कामं किती, झालेली किती, या आठवड्यात नवी वाढलेली किती, तुमच्या उत्तराअभावी अडलेली किती. चार आठवड्यांत अंदाज बांधता येतो. समजा ६० कामं आहेत आणि आठवड्याला सरासरी ४ होतात, तर १५ आठवडे. त्याच काळात आठवड्याला २ नवी वाढत असतील तर खरी घट २ चीच आणि ३० आठवडे. तारीख अजून लांब असताना हे दिसतं, म्हणून हे आकडे भिंतीवर लावा.

बगची, म्हणजे ॲपमधल्या चुकांची, वर्गवारी आधी ठरवा, नाहीतर शेवटी प्रत्येक बगवर भांडण होतं. पहिली पातळी: काम थांबतं किंवा पैशाचा, मालाचा हिशेब चुकतो. दुसरी: काम होतं पण वळसा घालून. तिसरी: दिसण्यातला दोष. पहिल्या पातळीचा एकही किंवा दुसऱ्या पातळीचे पाचपेक्षा जास्त बग शिल्लक असताना सुरू करायचं नाही, असं करारातच लिहा. रक्कम एका पैशाने चुकली तरी ती पहिल्या पातळीची. बऱ्याचदा त्यामागे पैशाची रक्कम दशांशाच्या चुकीच्या प्रकारात साठवलेली असते आणि बेरजा वाढतील तशी चूक वाढते.

जुन्या डेटाचं काम सगळे कमी लेखतात. तुमच्या १८०० दुकानांच्या यादीत एकच दुकान दोन-तीन नावांनी असेल, बंद झालेली असतील, फोन नंबर जुने असतील. एक्सेलमधून फाइल फिरवताना "००४७१" हा कोड "४७१" होतो, लांब कोड घातांकाच्या रूपात जातात, तारखेतला दिवस आणि महिना अदलाबदल होतो. त्यामुळे कोडचे रकाने मजकूर म्हणूनच आयात करायला सांगा. सफाई पहिल्या दिवसापासून सुरू करा आणि ती तुमच्याच कारकुनाने करायची. कोणतं दुकान दुबार आहे हे बाहेरच्या माणसाला कळूच शकत नाही.

डेटा नव्या यंत्रणेत नेण्याची तालीम किमान दोनदा करा, घड्याळ लावून. प्रत्येक तालमीनंतर तीन गोष्टी जुळवा: दुकानांची संख्या, येणे बाकीची एकूण बेरीज, प्रत्येक गोदामातल्या साठ्याची बेरीज. मग २० दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि ओळ न् ओळ ताडून बघा. बेरीज जुळूनही दोन दुकानांच्या बाक्या आपसांत बदललेल्या असू शकतात.

चावीजुडगा

कराराबद्दल. सोर्स कोड (ॲपचा मूळ प्रोग्रॅम) तुमचा असं लिहिलेलं असतं, पण चाव्या कोणाच्या खिशात आहेत? पहिल्याच आठवड्यात ही खाती तुमच्या कंपनीच्या नावाने, तुमच्या ईमेलवर उघडा आणि कंपनीला त्यात हवी तेवढीच परवानगी द्या: डोमेन, क्लाऊड, कोडची रेपॉझिटरी (कोड साठवायची ऑनलाइन जागा), ॲपल आणि गुगलची डेव्हलपर खाती, एसएमएस आणि नोटिफिकेशनच्या सेवा. ईमेल एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक पत्त्यावर नको. कोड दररोज तुमच्या रेपॉझिटरीत आला पाहिजे, शेवटी झिप फाइलमध्ये नको.

डेव्हलपर खात्यांना वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. संस्थेच्या नावाने खातं उघडायचं तर ॲपल आणि गुगल दोघंही डन्स क्रमांक (डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही संस्था कंपन्यांना देते तो ओळख क्रमांक) मागतात आणि नाव-पत्त्याची पडताळणी करतात. घाईत कोणी गुगलवर वैयक्तिक खातं उघडून देतो म्हणेल. नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांना ॲप सार्वजनिक करण्यापूर्वी बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, सक्तीची आहे. आधी त्यासाठी २० परीक्षक लागत, डिसेंबर २०२४ पासून १२, सलग १४ दिवस.

तुमचं ॲप फक्त तुमच्याच प्रतिनिधींसाठी आहे, तर ते सार्वजनिक स्टोअरवर टाकायलाच हवं असं नाही. कंपन्यांना आपल्याच माणसांपुरतं ॲप देता यावं म्हणून गुगलकडे मॅनेज्ड प्लेमधून खाजगी ॲप आणि ॲपलकडे बिझनेस मॅनेजरमधून कस्टम ॲप अशी सोय आहे. पण ॲपलची तपासणी तिथेही होते. तपासणाऱ्याला लॉगिन द्यावं लागतं, आणि तुमचं लॉगिन फोनवर येणाऱ्या ओटीपीचं असेल तर तो आत येऊ शकत नाही आणि ॲप नाकारलं जातं. चाचणीचा एक ठरावीक नंबर आणि ठरावीक ओटीपी, तोही नमुन्याच्या डेटापुरता, असं आधीच बांधून घ्या.

देखभालीची तरतूद पहिल्या वर्षापासून धरा. ॲप अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी बांधलेलं असावं ही गुगलची अट दरवर्षी पुढे सरकते. ॲपलचं वार्षिक सदस्यत्व संपलं तर ॲप डाउनलोडला मिळत नाही. या तारखांची यादी कंपनीकडून लेखी घ्या, कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची आठवण लावा.

बॅकअप घेतो असं सगळेच सांगतात. करारात असं लिहा: "दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून रिकाम्या सर्व्हरवर यंत्रणा उभी करून दाखवणे, लागलेला वेळ नोंदवणे." आणि पहिली वेळ सुरू करण्यापूर्वीच.

टप्पेवार

सुरू करण्याच्या दिवसाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून पुन्हा येतो.

सगळे ४० प्रतिनिधी एकाच सोमवारी नव्या ॲपवर, असं करू नका. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सुमारे ५० लाख ग्राहकांचा डेटा एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रणेवर नेला. डेटा पोचला, यंत्रणा कोलमडली, लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. तुमचा व्याप लहान आहे, पण सगळं एकाच दिवशी हलवण्याचा धोका त्याच जातीचा आहे.

एक गोदाम, ५ प्रतिनिधी, दोन आठवडे. निवडताना नुसते तरबेज लोक घेऊ नका. फोनची सवय नसलेला एक आणि नेटवर्क नसलेल्या भागातला एक असा हवाच. मग १५ जण, मग ते गोदाम पूर्ण, मग दुसरं. महिनाअखेर आणि हंगामाचे दिवस टाळा. शुक्रवारीही नको, कारण बिघडलं तर दुरुस्त करायला माणसं नसतात.

जुनी वही आणि नवं ॲप बरोबरीने चालवायचा सल्ला मिळेल. दोन आठवड्यांपलीकडे ते ओढू नका. माणूस दुहेरी काम कंटाळून करतो, एकीकडे नीट भरतो आणि दुसरीकडे रात्री आठवून भरतो, मग तफावत कोणाची चूक हेच कळत नाही. त्यापेक्षा माघारीची अट आधी लिहून ठेवा: "एका दिवसात ३ पेक्षा जास्त ऑर्डर्स हरवल्या किंवा दुबार झाल्या, अथवा यंत्रणा सलग २ तास बंद राहिली, तर त्या गोदामाचे सगळे वहीवर परत." निर्णय कोणी घ्यायचा त्याचं नाव आणि वहीवर परतण्याच्या पायऱ्या त्याच कागदावर. गोंधळात उभं राहून हे ठरवता येत नाही.

घाऊकमाल

सगळ्यांचे आभार. तिन्ही कंपन्यांना प्रश्न पाठवतो, आणि अवस्थांचा तक्ता उद्यापासून गोदामप्रमुखाबरोबर बसून करतो. शेवटचं विचारतो: आमच्या बाजूने किती माणसं लागतील?

स्कोपवही

निर्णय घेणारा एकच. गोदाम, विक्री आणि हिशेब या तिन्हींतून एकेक जाणकार त्याच्या मदतीला, पण कंपनीला उत्तर देणारा एकच. त्याचा रोजचा निम्मा दिवस यात जाईल. त्याची बाकीची कामं आजच दुसऱ्याला वाटून द्या, संध्याकाळी वेळ मिळेल तसं बघेन असं चालत नाही. कंपनीच्या प्रश्नाला दोन कामकाजी दिवसांत उत्तर, हे तुमच्या बाजूचं वचनही करारात घाला. उत्तर आलं नाही तर प्रोग्रॅमर स्वतःच्या अंदाजाने पुढे जातो आणि ते महिन्याभराने तपासणीत कळतं.

तो माणूस ऑफिसमधला सगळ्यात मोकळा असलेला नको. "या दुकानाला मर्यादा ओलांडूनही माल द्यायचा का" याचं उत्तर कोणाला न विचारता देऊ शकणारा हवा. आणि कारकुनाला पहिल्या बैठकीपासून बसवा. वहीतल्या कोणत्या खुणेचा काय अर्थ, कोणत्या दुकानाची ऑर्डर नेहमी अर्धीच पाठवायची, कोणाचं बिल दोन नावांनी फाडायचं, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं.